लाल गाडीचा गिअर कोण टाकणार

आमच्या टेंभुर्णीच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय निघत नाही. आणि ती भरली आहे, असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही. आणखी एक बसतो, म्हणून तो थांबतो. थांबला की बोलतो. आमच्याकडे किस्से असेच जमतात. आधीच्या किश्शाच्या मांडीवर दुसरा बसतो, तिसरा मागे लटकतो, आणि टपावर दोन-चार पडलेले असतातच.

नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी याच स्टँडवर आहे. माझा मोठा भाऊ संतोष याची जीप टेंभुर्णी ते जाफराबाद चालते. मी त्याला दादा म्हणतो, बाकी सगळे संतूशेठ म्हणतात. म्हणायचे. श्रावणात दादाला ताप आला आणि त्या तापातच तो गेला.

त्यानंतर स्टँडवर माझ्यासमोर कुणी हसेनाच. मी आलो की पत्ते खिशात जायचे. मला ते सहन होईना. एक दिवस मीच भडकलो आणि म्हणालो, काहीतरी बोला, नाहीतर मी जीप घेऊन निघतो, रिकामी! रिकामी जीप म्हटल्यावर सगळे घाबरले. मग युनूसचाचांनी घसा साफ केला आणि लाल गाडीचा विषय काढला. चाचा आमच्या स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांनी विषय काढला की तो लवकर परत ठेवला जात नाही.

*

झालं होतं असं. दादा जालन्याला जीपची क्लचप्लेट आणायला गेला होता. आमच्या जीपची क्लचप्लेट म्हणजे घरातली चहापत्ती, सारखी संपते. येताना एका शोरूमच्या काचेत त्याला ती दिसली. लाल, बुटकी, मागे छोटा पंख, सायलेन्सरला दोन तोंडं. काखेत क्लचप्लेट, हाताला ग्रीस, असा दादा सरळ आत गेला. स्वप्निल नावाचा सेल्समन होता. त्याने सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि म्हणाला, बसा सर. दादाला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणालं. बसला तो बुकिंग करूनच उठला.

संध्याकाळी स्टँडवर त्याने बातमी सांगितली. सगळे गोळा झाले. पहिला प्रश्न चाचांचा.

"शिटा किती?"

"पाच."

"बसतील किती?"

"पाच."

स्टँडवर इतकी शांतता मी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी ऐकली आहे. पाच शिटांच्या गाडीत पाचच माणसं! चाचांनी बिडी खाली ठेवली, उठले आणि दादाच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप न्हाई," ते सगळ्यांना म्हणाले. "अक्कलच गेली."

दादा हसत होता. त्याचं म्हणणं साधं होतं. सगळी जिंदगी कोपर दाराबाहेर ठेवून गाडी चालवली. एक गाडी अशी पाहिजे की जिच्यात ड्रायव्हरसुद्धा पूर्ण आत बसतो.

*

कोपर दाराबाहेर का, तेही सांगतो. आमच्या लाईनीवर पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार जण बसतात. ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. आणि गिअरचा दांडा येतो शेजारच्या पॅसेंजरच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. ड्रायव्हरचा हात तिथे पोचतच नाही. मग गिअर कोण टाकणार? शेजारचा. ड्रायव्हर क्लच दाबतो, "हं" म्हणतो, आणि शेजारचा दांडा ओढतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. नेहमीच्या बाया तर मांडीवर पिशवी, तोंडात सुपारी, आणि एका हाताने तिसरा टाकतात.

दादाच्या जीपमध्ये ती जागा माझी. पुढे पुढे तर त्याला "हं" पूर्ण म्हणावंसुद्धा लागायचं नाही. इंजिनचा आवाज चढला की माझा हात दांड्यावर आणि त्याचा पाय क्लचवर, दोन्ही एकदमच जायचे. दादाला एकट्याने गिअर टाकायची सवयच राहिली नव्हती. रिकामी जीप पाण्याने धुवायला न्यायची असली तरी मला झोपेतून उठवायचा.

एकदा मी आजारी होतो आणि माझ्या जागेवर जाफराबादच्या बँकेत नवीन आलेले एक साहेब बसले. इस्त्रीची पँट, मांडीवर डबा. दादाने त्यांना गाव सुटेपर्यंत शिकवलं. आधी गिअरबॉक्समधून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे आवाज आले म्हणे, मग जमलं. जाफराबादला उतरले तेव्हा साहेबांची कॉलर घामाने भिजलेली, पण चेहरा असा की विमान उतरवलंय.

खाली उतरून साहेब म्हणाले, "अर्धी गाडी मी चालवली. भाडं अर्धं घ्या."

"द्या की अर्धं," दादा म्हणाला. "शिकवणीचं येगळं होईल."

दुसऱ्या दिवसापासून साहेब माझ्या आधी येऊन त्या जागेवर बसायला लागले. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा. त्यांची बदली झाली त्या दिवशी मी पेढे वाटले.

*

आता लाल गाडी दोन प्रकारात मिळत होती. एक मॅन्युअल, म्हणजे आपली नेहमीची. क्लच दाबा, गिअर टाका. दुसरी ऑटोमॅटिक, पण साधी नाही, दोन क्लचची. ही भानगड समजावून सांगायचं काम पिंटूने अंगावर घेतलं. पिंटू आमच्यातला सगळ्यात शिकलेला ड्रायव्हर. म्हणजे त्याच्या मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त नेट असतं.

चहाच्या टपरीवर त्याने सहा ग्लास मांडले. एक, तीन, पाच हे ग्लास एका क्लचचे. दोन, चार, सहा दुसऱ्याचे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पळत असते, तेव्हाच तिसरा गिअर पलीकडे लावून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सोडतो, दुसरा धरतो. मध्ये झटका नाही, वेळ नाही. डोळ्याची पापणी हलायच्या आत काम.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "क्लच दोन. मंग पाय कुठं ठिवायचा?"

पिंटू म्हणाला, क्लचचं पेडलच नसतं.

"म्हंजे ड्रायव्हर दोन ठिवले आन शीट एकाला बी न्हाई!"

मग चाचांनी त्यांचा खरा प्रश्न काढला. बॅटरी बसली तर ही गाडी धक्का मारून चालू होते का? पिंटूने मोबाईलमध्ये बघितलं. नाही होत. चाचांनी दोन्ही हात झटकले. विषय संपला. आमच्या स्टँडवरची अर्धी वाहनं धक्क्यावर चालतात. पॅसेंजर आधी ढकलतात, मग बसतात. एवढंच काय, स्टँडवर कुणी कोरी गाडी आणली, चालू असलेली, किल्लीवर सुरू होणारी, तरी सगळे मिळून तिला पहिला धक्का देतात. त्याशिवाय ती आपली झाली असं कुणी मानत नाही.

"जी ढकलून चालू होत न्हाई," चाचा म्हणाले, "तिला गाडी कशाला म्हनायचं? ते तर घर झालं."

दादा इतका वेळ सहा ग्लासांकडे बघत होता. त्याने पिंटूला परत विचारलं, पुढचा गिअर आधीच तयार असतो, न सांगता? पिंटू म्हणाला, बराबर, न सांगता.

दादाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "हे तर आपल्या जीपमधी कधीचं हाय."

सगळे हसले. मीही हसलो. दादाने तेव्हा नेमकं कोणत्या गाडीच्या बाजूने मत दिलं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

*

मग स्वप्निलने टेस्ट ड्राईव्हला बोलावलं. दोन क्लचवाली बाहेर काढून ठेवली होती. दादा चालवायला, मी शेजारी, स्वप्निल मागे. दादा अंघोळ करून, सेंट मारून आला होता. कोपर आत ठेवायची सवय नव्हती म्हणून काच खाली घेऊन थोडं बाहेर ठेवलंच.

गाडी निघाली तशी सुसाट निघाली. दादाने तोंडातून आवाज काढला तो मी फक्त कुस्तीच्या फडात ऐकलेला. पहिला गिअर, दुसरा, तिसरा कधी पडले कळलंच नाही. आणि तिथेच घोटाळा झाला. इंजिनचा आवाज चढला, आणि दादाच्या डाव्या पायाला वाटलं, आता आपलं काम. त्याने क्लच दाबला. क्लच नव्हता. ब्रेक होता. त्याच वेळी माझ्या हाताला वाटलं, आता आपलं काम. मी दांडा ओढला. गाडी न्यूट्रलमध्ये गेली. इंजिन किंचाळलं, गाडी जागेवर उभी राहिली, आणि स्वप्निल पाठीमागून आमच्या दोघांच्या मध्ये आला. नाकासकट.

तो बिचारा चांगला माणूस. रुमाल नाकाला लावून म्हणाला, "सर, गिअर गाडी स्वतः टाकते. तुम्ही दोघांनी काही करायचं नाही."

दादाने विचारलं, "मंग आम्ही काय करायचं?"

"एन्जॉय करायचं, सर."

परत येताना जीपमध्ये दादाने आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग एकदम म्हणाला, छोट्या, एन्जॉय कोणत्या पायानं करतेत रे?

पुढे आठवडाभर स्टँडवर कुणी काम टाळलं की सगळे म्हणायचे, तो एन्जॉय करून राह्यला.

निघताना स्वप्निलने विचारलं होतं, मग कोणती लिहू? दादाने त्याला बाजूला घेतलं आणि हळू काहीतरी सांगितलं. मला वाटलं नाकाबद्दल माफी मागतोय.

त्यानंतर ताप आला.

*

आमच्याकडे माणूस गेला की लोक भेटायला येतात, मायजवळ बसतात, चहा घेतात, उठतात. दादाच्या वेळी त्यात एक गोष्ट जास्तीची होती. मायजवळ बसून, डोळे पुसून, चपला घालताना जो तो मला कोपऱ्यात घ्यायचा आणि कानात विचारायचा, गिअर कोणता घेतला होता रे त्यानं?

मला माहीत नव्हतं. शोरूममधून फोन आला, गाड्यांचा लॉट येतोय, मॅन्युअल की ऑटोमॅटिक ते सांगा, नाहीतर बुकिंग पुढच्या गिऱ्हाईकाला जाईल. गाडी सोडून द्यायची नाही, हे मी दादाला नेलं त्याच दिवशी ठरवलं होतं. पण दादाच्या मनातली गाडी आणायची होती. रंग चुकला असता तर चाललं असतं. गिअर चुकला तर ती कुणाचीही गाडी झाली असती.

चाचा शपथेवर सांगायचे की संतूनं त्यांना मॅन्युअल सांगितली होती, वडाखाली, लघवीला गेलो होतो तेव्हा. पिंटू शपथेवर सांगायचा की ऑटोमॅटिक, डिझेल भरताना. दोघांत इतकं वाजलं की बोलणं बंद झालं. चाचा चहा पिंटूसमोर प्यायचे पण त्याला सांगायचं असेल ते मला सांगायचे, मध्ये पिंटू बसलेला असताना.

शेवटी मी मतदान घ्यायचं ठरवलं. दादामागे आता मी चालवत होतो त्या जीपमध्ये, टेंभुर्णी ते जाफराबाद, जेवढे पॅसेंजर तेवढी मतं. दादा ज्यांना रोज घेऊन गेला त्यांना त्याच्या मनातलं थोडंफार माहीत असेल, असा माझा हिशेब. टपावरच्यांना खिडकीतून विचारलं. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक बराबर सारखी मतं पडली. एक मत राहिलं होतं, मागच्या फळीवर बसलेल्या एका म्हातारीचं. सगळी जीप तिच्याकडे वळली. मी गाडी कडेला घेतली.

म्हातारीने नीट विचार केला.

"डिझेल," ती म्हणाली.

*

मग माझंच डोकं फिरलं. मी स्वप्निलला सकाळी फोन करून सांगितलं, मॅन्युअल. दुपारी सांगितलं, ऑटोमॅटिक. संध्याकाळी सांगितलं, रद्द करा, नको मला काहीच. आणि अंधार पडायच्या आत परत सांगितलं की रद्द केली तर मी तिथे येऊन काच फोडीन. आधी तो मला सर म्हणायचा. या फोननंतर भाऊ म्हणायला लागला.

तोच म्हणाला, "भाऊ, एक सांगू का? तुमच्या दादांनी मला त्या दिवशी बाजूला घेतलं होतं ना. ते म्हणाले, जो चालवणार त्याला विचारून सांगतो."

मी म्हणालो, तो स्वतःच चालवणार होता ना!

स्वप्निल म्हणाला, मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी हसलो होतो. पण ते हसले नाहीत.

मी चाचांना सांगितलं. चाचा म्हणाले, तूच रे, दुसरं कोण. पिंटूलाही तसंच वाटलं. पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. मला दादाने कधी विचारलं नव्हतं. विचारायच्या आतच गेला असेल, असं मी धरलं. तर मग माझ्यावर आलं. आणि मला काही केल्या ठरवता येईना.

*

बुकिंग दादाच्या नावावर होतं. ते बदलून वैनीच्या नावावर करायचं तर वैनीची सही लागणार होती. वैनी पिंपळगाव रेणुकाईला शाळेवर शिक्षिका आहे. रोज आमच्या जीपने जाफराबादला यायची, दादाच्या मागच्या सीटवर, खिडकीपाशी, आणि तिथून दुसरी जीप धरून पिंपळगाव. दादा गेल्यापासून ती गाडीविषयी एक शब्द बोलली नव्हती. मी तिला सहीपुरतं घेऊन जालन्याला गेलो.

शोरूममध्ये सही झाली. स्वप्निलने विचारलं, भाऊ, आज तरी सांगा. मी म्हणालो, अजून एकदा चालवून बघतो, मॅन्युअल काढा.

त्याने गाडी काढली. मी दाराकडे निघालो तर वैनी माझ्या आधी जाऊन चालवायच्या बाजूला बसली. पदर खोचला, सीट पुढे ओढली, आरसा बरोबर केला.

स्वप्निलने घाबरत विचारलं, "मॅडम, येतं ना?"

मी शेजारी बसलो. स्वप्निल मागे बसला आणि या वेळी त्याने पट्टा लावला. वैनीने किल्ली फिरवली, डावा पाय क्लचवर दाबला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, समोर बघितलं आणि म्हणाली,

"हं."

माझा हात दांड्यावर पोचला होता. मी पोचवला नव्हता.

पहिला पडला. गाडी निघाली, झटका नाही. रस्त्याला लागलो. "हं." दुसरा. "हं." तिसरा. स्टेअरिंग सरळ, पाय मऊ. दादाचा पाय होता तो, अगदी तोच, सोडताना किंचित थांबणारा. मागून स्वप्निल एवढंच म्हणाला की असं मी कधी बघितलं नाही.

परत आलो. गाडी उभी केली. मी विचारलं, कधी शिकलात?

"शेताच्या रस्त्यानं शिकवलं त्यांनी. जीपवर, दर रविवारी. ते तुमच्या जागेवर बसायचे." तिने स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मला एवढंच येतं, भाऊजी. पाय माझे, हात त्यांचा. गिअर मला कधी टाकूच दिला न्हाई."

जो चालवणार तो कोण, ते मला आत्ता समजलं, आणि दादाने तिला बरोबर त्याच्यासारखंच शिकवलं होतं. अर्धं.

स्वप्निलने कागद पुढे केला. मॅन्युअल लिहू ना?

मी हो म्हणणारच होतो. वैनी म्हणाली, "न्हाई. ऑटोमॅटिक लिहा."

मी भडकलो. सगळ्यांसमोर भडकलो. म्हणालो, आत्ता काय मस्त चालवली आपण, मी येतो की रोज, रोज टाकतो गिअर, पिंपळगावपर्यंत!

"आन तिथं दिवसभर काय करणार?"

मी म्हणालो, बसेन.

"वर्गात बसावं लागंल. नववी अर्धी राह्यलीय तुमची."

मागे स्वप्निलला हसू आवरेना. मला पण आवरलं नाही. दादा गेल्यापासून वैनीने मारलेला हा पहिला टोमणा, आणि तो माझ्यावर. मी कागद त्याच्याकडे सरकवला आणि म्हणालो, लिही बाबा.

*

गाडी घ्यायला गेलो तेव्हा कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या होत्या. बरोबर चाचा आणि पिंटू. शोरूमवाल्यांनी गाडीवर लाल कापड घातलं होतं, वैनीच्या हातून ते ओढवून घेतलं, टाळ्या वाजवल्या, फुगे फोडले. केक कापायचा होता. चाचांना त्यात रस नव्हता. ते बाह्या वर सारून गाडीच्या मागे गेले.

पहिला धक्का. आमच्या स्टँडची पद्धत. चाचा एकटेच दोन्ही हात लावून उभे राहिले, आणि मग कुणाकडे न बघता म्हणाले की कुणाला यायचं असलं तर यावं. पिंटू पळत गेला. मीही गेलो. तिघांनी जोर लावला. गाडी जागची हलेना. परत जोर लावला. चाचांच्या मानेच्या शिरा वर आल्या. शोरूमची चकचकीत फरशी, पाय घसरत होते, टाय घातलेले लोक केकचे तुकडे हातात घेऊन बघत होते.

"म्हनलं होतं मी," चाचा दम खात पिंटूला म्हणाले, थेट पिंटूला. "हे घर हाय."

स्वप्निल ओरडत आला. गाडी पार्किंगच्या गिअरमध्ये होती, चाकंच बांधलेली. त्याने आत वाकून दांडा न्यूट्रलवर सरकवला आणि मागे येऊन आमच्याबरोबर हात लावला. दुसरा हात त्याने आधीच नाकावर धरला होता. गाडी हलली. काचेच्या दारातून बाहेर, उन्हात आली. चाचांनी डिकीवर थाप मारली.

"हां. आता आपली."

*

चाचा आणि पिंटू आमची जीप घेऊन मागून निघाले. लाल गाडीत आम्ही दोघंच. वैनी चालवायला, मी शेजारी. पाचच्या गाडीत दोन माणसं, मला जागेचं काय करावं कळत नव्हतं. मी पाय लांब केले, परत जवळ घेतले.

वैनी हळू चालवत होती. डावा पाय तिने मांडीखाली दुमडून ठेवला होता, स्वप्निलने सांगितलं होतं तसा, म्हणजे तो चुकून मध्ये येणार नाही. माझ्या हाताला असं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तो मांडीखाली घेतला.

गाडी गिअर टाकत होती. आवाजसुद्धा नाही. समोर काचेखाली एक छोटा आकडा दिसत होता, दोनचा तीन, तीनचा चार. गाव जवळ आलं की नेहमीच्या खुणा लागतात, कापसाची जिनिंग मिल, मग वडाचं झाड, मग टेंभुर्णीच्या अलीकडचा तो चढ. जालन्याचं भाडं असलं आणि जीप भरलेली असली की ती त्या चढाला दम टाकायची. तिथे दादाचं "हं" थोडं वेगळं निघायचं, लांब.

चढ आला. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, वैनीने वेग कमी केला होता. ट्रॅक्टर बाजूला झाला. तिने पाय दाबला. गाडी क्षणभर रेंगाळली.

वैनी समोर बघत म्हणाली, "हं."

चारचा आकडा तीन झाला. गाडीने जोर धरला आणि ती चढून गेली.

वर आल्यावर वैनीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी दोन्ही हात वर करून दाखवले.